नाकाचे माप आणि जातीची मोजणी

१/
‘जात ही इंग्रजांनी निर्माण केलेली गोष्ट आहे’ आणि ‘आमच्या समाजाचे रक्त शुद्ध आहे, डीएनए चाचणीने ते सिद्ध झाले आहे’ ही दोन विधाने हल्ली पुष्कळदा एकाच व्यक्तीच्या भिंतीवर सुखाने नांदताना दिसतात. ती एकमेकांना छेद देतात हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. येत्या जनगणनेत जातींची नोंद होणार असल्याने हे वाद आणखी पेटतील. म्हणून हा धागा. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
गोष्ट सुरू होते एका साध्या उपकरणापासून. कॅलिपर. नाकाची रुंदी मोजायची, उंची मोजायची, रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणायचे. आलेला आकडा म्हणजे नासिकांक. रुंदी ३६ मिलिमीटर आणि उंची ५० मिलिमीटर असेल तर नासिकांक ७२. सत्तरच्या खाली बारीक नाक, सत्तर ते पंच्याऐंशी मध्यम, त्यापुढे रुंद. एवढेच गणित. शाळकरी मुलाला येईल असे.

३/
हे गणित हिंदुस्थानातील जातींना लावण्याचा उद्योग हर्बर्ट होप रिस्ली या सनदी अधिकाऱ्याने आरंभिला. १८८० च्या दशकात बंगालच्या मानववंशीय पाहणीचे काम त्याच्याकडे आले. पॅरिसच्या पॉल टोपिनार यांची मापनपद्धती त्याने उचलली आणि उत्तर हिंदुस्थानातील सुमारे सहा हजार माणसांची मापे घेवविली. १८९१ पासून ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागली. निष्कर्ष त्याने नियमाच्या थाटात मांडला: जातीचे सामाजिक स्थान आणि नाकाची सरासरी रुंदी यांचे प्रमाण व्यस्त असते. नाक जितके रुंद, तितकी जात खालची.

४/
मोजली जाणारी माणसे याकडे कसे पाहत होती? मद्रासच्या संग्रहालयाचा अधीक्षक एडगर थर्स्टन याने आपले अनुभव लिहून ठेवले आहेत. वायनाडच्या पणियन स्त्रियांना वाटले, की आपल्यातल्या उत्तम नमुन्यांना पेंढा भरून संग्रहालयात ठेवणार. निलगिरीतला एक इरुला माणूस कुठल्याशा जुन्या किरकोळ गुन्ह्यासाठी पोलिसांना हवा होता. उंची मोजण्याचा खांब पाहून त्याने साफ नकार दिला. त्याला तो फाशीचा खांब वाटला. थर्स्टन हे गमतीने सांगतो. मला त्या इरुलाचे निरीक्षण थर्स्टनच्या कोष्टकांपेक्षा अधिक अचूक वाटते. पुढे थर्स्टनने पोलिसांनाही शरीरमापनाचे धडे दिलेच.

५/
१९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ली होता. तोवर जातींची यादी वर्णानुक्रमे किंवा व्यवसायानुसार लावण्याचे प्रयत्न झाले होते. रिस्लीने आदेश दिला, की स्थानिक लोकमताप्रमाणे जी सामाजिक प्रतिष्ठा मानली जाते तिच्या क्रमाने जाती लावाव्यात. म्हणजे सरकारी कागदावर उतरंड. मग व्हायचे तेच झाले. खत्रींपासून अनेक जातींनी सभा भरविल्या, वंशावळी धुंडाळल्या, अर्ज धाडले. १९११ च्या जनगणनेपर्यंत बंगालमध्ये आलेल्या अशा अर्जांचे वजनच दीड मण भरले, अशी नोंद आहे. अर्ज वाचण्याऐवजी तोलण्याची वेळ आली होती.

६/
महाराष्ट्राविषयी रिस्ली काय म्हणतो हे मराठी वाचकाने मुद्दाम पाहावे. त्याने हिंदी लोकांचे सात शारीरिक प्रकार पाडले. मराठी ब्राह्मण, कुणबी आणि कुर्गचे लोक त्याने एकाच खणात टाकले: ‘सिथो-द्रविड’, म्हणजे शक आणि द्रविड यांचा संकर. आधार काय? डोक्याची रुंदी. आणि मराठ्यांची दूरवरची घोडदौड, गनिमी कावा, राजकारणातील डावपेच यांचा उलगडा शकांच्या वारशाने होतो, असेही त्याने सुचविले! सह्याद्रीची भूरचना, दख्खनची सुलतानशाही, देशमुखी-वतनांची व्यवस्था यांतले काहीही त्याला लागले नाही. कवटी पुरली.

७/
गंमत अशी, की आपल्या जातीला ‘सर्वांत उच्च वंश’ ठरविण्यासाठी रिस्लीच्या पुस्तकाचे हवाले देणारे त्याच पुस्तकातील हा खण सोयीस्करपणे विसरतात. ब्राह्मण आणि कुणबी एकाच वंशप्रकारात मोडतात ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या अभिमान्यांना गैरसोयीची आहे.

८/
रिस्लीच्या हयातीतच त्याच्या सहकाऱ्यांनी शंका काढल्या होत्या. विल्यम क्रूक याने वायव्य प्रांत आणि अवध येथील जातींचा अभ्यास केला आणि जातीचा पाया वंश नसून व्यवसाय आहे, या मताकडे तो झुकला. त्याचे ग्रंथ १८९६ साली निघाले. त्याच्या आधी नेसफील्डही हेच म्हणत होता. तरीही गाजला तो रिस्लीच. राज्यकर्त्याला सोपे उत्तर हवे असते, आणि ‘वरचे ते आमच्यासारखे, खालचे ते वेगळ्या वंशाचे’ याहून सोपे उत्तर दुसरे कोणते असणार?

९/
आता क्षणभर अटलांटिकपलीकडे जाऊ. कारण याच काळात न्यूयॉर्कमध्ये एक माणूस हेच उपकरण हातात घेऊन नेमके उलटे काही सिद्ध करीत होता.

फ्रांझ बोआस. जर्मनीत जन्मलेला ज्यू, कोलंबिया विद्यापीठातील मानवशास्त्राचा प्राध्यापक. अमेरिकन काँग्रेसने नेमलेल्या स्थलांतर आयोगासाठी त्याने १९०८ पासून जवळजवळ १८,००० स्थलांतरित आणि त्यांच्या मुलांची मापे घेतली. त्या काळी डोक्याचा आकार हा वंशाचा अढळ पुरावा मानला जाई. बोआसला आढळले, की पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंची अमेरिकेत जन्मलेली मुले आईबापांपेक्षा लांबट डोक्याची, तर दक्षिण इटलीतून आलेल्यांची मुले आखूड डोक्याची निघतात. म्हणजे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारे म्हणत होते, तेच एका पिढीत हलत होते.

१०/
या निष्कर्षाचे राजकीय फळ काय? शून्य. १९२४ साली अमेरिकेने कायदा केला आणि दक्षिण व पूर्व युरोपीयांसाठी दारे जवळपास लावून घेतली. आशियाई लोकांसाठी तर बंदच केली. आयोगाने स्वतः मागविलेला अहवाल आयोगाच्याच शिफारशींना आवरू शकला नाही. ‘योग्य आकडेवारी समोर ठेवली की पूर्वग्रह गळून पडतात’ असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तथापि बोआसने एक मोठे काम केले. १९२८ साली त्याने सगळी मूळ मापे छापून टाकली. त्यामुळे २००२–०३ मध्ये दोन संशोधक-गटांना तीच मापे संगणकावर घालून परस्परांशी भांडता आले. एक गट म्हणाला, बदल बोआसने सांगितला त्याहून बराच लहान आहे. दुसरा म्हणाला, मूळ निष्कर्ष मुख्यतः टिकतो. माझ्या मते दुसऱ्या गटाची बाजू अधिक भक्कम आहे. पण भांडता येणे हीच बोआसची देणगी.

११/
९ मे १९१६. त्याच कोलंबिया विद्यापीठात बोआसचा शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर याच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने जातीविषयी निबंध वाचला. भीमराव रामजी आंबेडकर.

या निबंधात नाक नाही, कवटी नाही. युरोपीय अभ्यासकांनी रंगाला अवाजवी महत्त्व दिले, असे बाबासाहेब स्पष्टपणे नोंदवितात. त्यांचा प्रश्न निराळा आहे: जात टिकते ती कोणत्या यंत्रणेने? उत्तर: अंतर्विवाह. गटाबाहेर लग्न न करण्याचा निर्बंध. मग गटात स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेलेली बाई आणि बायको मेलेला पुरुष हे दोघे गटाच्या हिशेबात ‘जादा’ ठरतात. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली या हिशेबाची सोडवणूक म्हणून येतात.

१२/
इथे जरा थांबतो. जातीच्या प्रश्नाचे मूळ स्त्रीच्या लग्नावरील ताब्यात आहे हे १९१६ साली सांगितले गेले होते. आपण मात्र आजही जातीवर चर्चा करताना आरक्षणापासून सुरुवात करतो आणि आरक्षणापाशीच संपवतो. विवाह मंडळाची जाहिरात उघडून पाहणे कोणाला सुचत नाही.

१३/
मुंबईत रिस्लीचा हिशेब तपासला तो गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. मालवणचे, केंब्रिजला शिकलेले, मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे आद्य आचार्य म्हणावेत असे. १९३२ च्या त्यांच्या ग्रंथात रिस्लीचीच मापे पुन्हा मांडली आहेत. त्यांना आढळले, की गंगा-यमुनेच्या प्रदेशात नाक आणि प्रतिष्ठा यांचा काहीएक मेळ दिसतो. इतर भाषिक प्रदेशांत तो कोलमडतो. त्यांत महाराष्ट्रही आला. पुढच्याच वर्षी कलकत्त्याला प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी रिस्लीच्या बंगालमधील मापांची संख्याशास्त्रीय झडती घेतली आणि छापील आकड्यांतील गोंधळ उघड केला.

(महालनोबिस या विषयाकडे वळले ते १९२० च्या नागपूर येथील सायन्स काँग्रेसमध्ये नेल्सन अ‍ॅनंडेल यांच्याशी झालेल्या भेटीमुळे. अ‍ॅनंडेल यांच्याजवळ कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियनांची मापे पडून होती. दोन गटांमधील ‘अंतर’ मोजण्याचे जे सूत्र या खटाटोपातून १९३६ साली पक्के झाले, ते आज जगभर यंत्रशिक्षणात वापरले जाते. विज्ञानाची वाट अशी आडवळणाची असते.)

१४/
घुर्यांच्या कोष्टकांचा खरा उपयोग केला तो बाबासाहेबांनी. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी प्रांतवार नासिकांक मांडले आणि विचारले: या शास्त्राला तुम्ही प्रमाण मानता ना? मग हे आकडे पाहा. ब्राह्मण आणि अस्पृश्य हे एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य. ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड.

युक्तिवादाची ही रीत वकिली आहे, आणि फार सुंदर आहे. प्रतिपक्षाचा साक्षीदार आपल्या बाजूने बोलता केला.

१५/
इथे महाराष्ट्रातील एक अंतर्गत वाद नजरेआड करून चालणार नाही. आर्य बाहेरून आले हा सिद्धांत जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त शस्त्रासारखा वापरला: भट हे परके आक्रमक, शूद्रातिशूद्र हे भूमिपुत्र. तीस वर्षांनी टिळकांनी त्याच आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाकडे शोधले आणि त्यात अभिमानाचा विषय पाहिला. एकच सिद्धांत, दोन टोकांचे उपयोग.

बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांवरील आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला आणि त्याच ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धांत निराधार ठरविला. गुरूला वंदन आणि गुरूच्या गृहीतकाला नकार, एकाच पुस्तकात. अलीकडे कोणाच्याही अनुयायांमध्ये ही ऐपत क्वचितच आढळते.

१६/
आणि इरावती कर्वे. घुर्यांच्या विद्यार्थिनी. १९२८ च्या सुमारास त्या बर्लिनला गेल्या, त्या कैसर विल्हेल्म संस्थेच्या मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र या विभागात. प्रमुख होते ऑयगेन फिशर, ज्यांनी नैर्ऋत्य आफ्रिकेच्या जर्मन वसाहतीत मिश्रवंशीय लोकांवर संशोधन करून नाव मिळविले होते. याच संस्थेत फिशरनंतर आलेल्या संचालकाकडे पुढे योसेफ मेंगेले ऑशविट्झहून मानवी नमुने पाठवीत असे. संस्थेची कुंडली अशी.

१७/
फिशरचे गृहीतक असे, की कवटीच्या डाव्या-उजव्या भागांतील विषमतेचा वंशाशी संबंध असावा. युरोपीयांत ती अधिक असावी आणि बुद्धीच्या श्रेष्ठत्वाशी निगडित असावी. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या, आणि प्रबंधात निष्कर्ष नोंदविला: असा संबंध दिसत नाही. १९३१ सालचे बर्लिन, मार्गदर्शक फिशर, आणि पदवी त्यांच्याच हातात! विशी-पंचविशीतील एका परदेशी स्त्रीने हे लिहिले, याला मी धैर्य म्हणेन.

१८/
परंतु त्यांची मूर्ती करून पूजा बांधण्याचे कारण नाही. पुण्याला परतल्यावर, १९३९ पासून डेक्कन कॉलेजात असताना, त्यांनी मापे घेणे सोडले नाही. वि. म. दांडेकरांसमवेत १९५१ साली महाराष्ट्राच्या शरीरमापनाचा ग्रंथ त्यांनी काढला. मापांचे खण होते जातींचेच. बर्लिनच्या तालमीतून त्या पूर्ण बाहेर पडल्या असे मला वाटत नाही.

मात्र त्याच मापांतून त्यांनी काढलेला अर्थ रिस्लीच्या पार उलट जातो. महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांच्या तुलनेचा लेख (१९६८) आणि त्याआधीचा १९६१ चा हिंदू समाजावरील ग्रंथ यांत त्या सांगतात, की जाती या एका मूळ समाजाची शकले नव्हेत. निरनिराळे गट निरनिराळ्या ठिकाणांहून येऊन शेजारी शेजारी बसले आणि एका व्यवस्थेत गोवले गेले. समान प्रतिष्ठेच्या गटांतही शारीरिक सारखेपणा नाही, तर प्रतिष्ठेचा शरीराशी संबंध कसा जोडणार? गुरू घुर्ये यांच्याशी त्यांचा इथे उघड मतभेद आहे.

१९/
आता डीएनए. प्रतिवाद टाळायचा नाही, म्हणून आधी अडचणीची गोष्ट सांगतो. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतील आणि हार्वर्डमधील संशोधकांनी दाखविले, की भारतातील बहुतेक गट दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत, आणि उत्तरेकडील व पारंपरिक ‘वरच्या’ मानलेल्या गटांत एका घटकाचे प्रमाण सरासरीने अधिक आहे. ‘म्हणजे रिस्ली खरा होता!’ असे म्हणणारे इथेच थांबतात.

२०/
थांबू नये. पुढचे वाक्य असे, की मुख्य भूमीवर तपासलेला कोणताही गट अमिश्र सापडला नाही. २०१३ च्या अभ्यासाने या मिश्रणाचा काळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा काढला. त्या काळात जवळपास सगळे सगळ्यांत मिसळत होते. मग मिसळणे थांबले. २०१६ च्या दुसऱ्या एका अभ्यासाने अनेक गटांत हे थांबणे सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वीचे धरले.

याचा अर्थ काय? भेद आधी होते आणि जात नंतर त्यांवर बसली, असे हा पुरावा सांगत नाही. मिसळलेल्या लोकांत कुंपणे नंतर घातली गेली, असे तो सांगतो. गोल्डनवायझरच्या परिसंवादात वाचलेल्या निबंधाला शंभर वर्षांनी प्रयोगशाळेतून आलेली ही पुस्ती आहे.

२१/
आणि ‘शुद्ध रक्ता’चे मोल? २०१७ साली २६० हून अधिक भारतीय व दक्षिण आशियाई गटांचा अभ्यास झाला. त्यांपैकी ८१ गटांत मूळ पूर्वजांची संख्या इतकी तोकडी निघाली, की अप्रभावी जनुकांमुळे होणाऱ्या आजारांचा धोका फिनलंडचे लोक किंवा अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही अधिक असू शकतो. शुद्धता म्हणून जी मिरवली जाते, ती वैद्याच्या वहीत जोखीम म्हणून उतरते.

२२/
‘जात इंग्रजांनी निर्माण केली’ या पहिल्या विधानाकडे परत येतो. निकोलस डर्क्स, बर्नार्ड कोन अशा इतिहासकारांनी वसाहतकाळात जातीला नवे, ताठर रूप कसे मिळाले हे दाखविले. ते मोलाचे आहे. पण ‘रूप दिले’ याचे भाषांतर ‘जन्म दिला’ असे करणे ही लबाडी आहे. सत्तर पिढ्यांपूर्वी इंग्रज कोठे होते? ‘गुलामगिरी’ छापली गेली तेव्हा रिस्ली नुकताच नोकरीत शिरत होता. पेशवाईतील ग्रामण्याची कागदपत्रे चाळावीत. कोणी वेदोक्त करावे, कोणी कसे धोतर नेसावे, यांवर निवाडे देताना तिथे कोणी कॅलिपर धरलेला नव्हता.

२३/
म्हणूनच ‘१९०१ ने काय अनर्थ केला ते पाहा, जातींची मोजणी नको’ हा युक्तिवाद मला पटत नाही. रिस्लीचा अपराध मोजण्यात नव्हता. त्याने क्रम लावला, आणि त्या क्रमाला निसर्गाचा दाखला जोडला. किती कुटुंबांपाशी जमीन आहे, किती मुली दहावीच्या पुढे गेल्या, गटारात उतरणारे कोण आहेत, हे जातवार विचारणे निराळे. आणि कोण कोणाहून वरचा हे विचारणे निराळे. पूर्ण जातवार आकडे आपल्याकडे शेवटचे प्रसिद्ध झाले ते १९३१ चे. धोरणे आणि न्यायालयीन युक्तिवाद अजून त्यांच्यावर टेकलेले आहेत. मोजणी न करण्याने जात नाहीशी होत असती, तर स्वतंत्र भारतात ती केव्हाच झाली असती.

२४/
धोका आहे, तो नाकारत नाही. दीड मण अर्ज पुन्हा येतील. आता ते ट्विटच्या आणि मोर्च्यांच्या रूपाने येतील. पोटजातींची नावे कोणत्या शीर्षाखाली घालायची यावर भांडणे होतील. बोआसच्या धड्याप्रमाणे, व्यक्तींची ओळख झाकून, मूळ आकडे अभ्यासकांना खुले केले तरच कोणाच्याही निष्कर्षाची झडती घेता येईल. बंद कपाटातील आकडे सत्तेच्याच कामी येतात. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतील जातीचे आकडे आजतागायत पूर्णपणे बाहेर आलेले नाहीत.

२५/
आणि एक मागणी. घरातील प्रत्येकाची जात नोंदली जाणार असेल, तर नवरा-बायकोच्या जाती एकाच कागदावर येतील. आजवरच्या नमुना पाहण्यांत आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांच्या आसपास दिसते, पण तालुक्याचे चित्र नमुना पाहणीतून मिळत नाही. तालुकावार, वयोगटवार, किती जोडपी जातीबाहेर लग्न केलेली आहेत याचे कोष्टक जनगणनेने स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावे. १९१६ चा प्रश्न त्या कोष्टकात पहिल्यांदा गावपातळीच्या जवळ जाऊन विचारता येईल. प्रश्नावलीच्या चर्चेत ज्यांचा शब्द चालतो, त्यांच्यापर्यंत हा मुद्दा कोणी पोहोचवू शकले तर जरूर पोहोचवावा.